घरच्या घरी चॉकलेट ट्रफल: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

ओव्हन नाही, मोल्ड नाहीत, बेकिंगचा क्लास कधी केला नाही, तरीही पहिल्याच फटक्यात जमेल असा चॉकलेटचा प्रकार हवा असेल तर ट्रफल करा. चॉकलेट आणि गरम क्रीम एकत्र ढवळून जो गुळगुळीत गोळा होतो त्याला गनाश म्हणतात. तो थंड करून वळला आणि कोको पावडरमध्ये घोळवला की झालं ट्रफल. मोल्डमधल्या 'होममेड चॉकलेट'पेक्षा हे सोपं आहे, कारण त्यात चकाकी येण्यासाठी जी तापमानाची कसरत करावी लागते ती इथे करावीच लागत नाही.

बिघडतं ते बहुतेक दोनच ठिकाणी: दुकानात पाकीट उचलताना आणि घरी घाई करताना. म्हणून वळण्यापेक्षा खरेदीवर आणि ढवळण्यावर मी जास्त लिहिणार आहे. तुम्हाला थेट कृतीच हवी असेल तर तिसऱ्या पायरीवर उडी मारा, पण मग चॉकलेटच्या पाकिटाची मागची बाजू एकदा वाचून घ्या.

१. चॉकलेट: कंपाउंड नको

बेकरीचं सामान मिळतं त्या दुकानात, मग ते पुण्याच्या बोहरी आळीतलं असो की मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटातलं, नुसतं 'डार्क चॉकलेट द्या' म्हटलं की बहुधा डार्क कंपाउंडची लादी पुढे येते. दुकानदाराचं काही चुकत नाही. केकवाले तेच नेतात, सुट्टीतल्या चॉकलेट क्लासलाही तेच लागतं.

कंपाउंडमध्ये कोको बटर जवळजवळ नसतंच, त्याच्या जागी वनस्पतीजन्य फॅट असतं. म्हणून ते स्वस्त पडतं, वितळवून साच्यात ओतलं की आपोआप घट्ट होतं आणि उन्हाळ्यात लवकर ओघळत नाही. साच्यातल्या चॉकलेटला ते चालून जातं. ट्रफलमध्ये मात्र चॉकलेट सोडून चव द्यायला दुसरं काही नसतंच. कोको बटर साधारण ३४ अंशांना, म्हणजे तोंडातल्या उबेला वितळतं. ट्रफल जिभेवर ठेवल्या ठेवल्या विरघळतं ते त्यामुळे. कंपाउंडचं ट्रफल खाल्लं की टाळूला मेणचट थर बसतो, तो पाणी पिऊनही जात नाही.

ओळखायचं कसं? पाकिटाच्या मागे घटकांची यादी असते. त्यात 'हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट' किंवा 'पाम कर्नल ऑइल' दिसलं की ते कंपाउंड. 'कोको मास' किंवा 'कोको सॉलिड्स' आणि 'कोको बटर' असेल आणि दुसरं फॅट नसेल, तर ते तुमच्या कामाचं. समोरच्या बाजूला 'प्रीमियम', 'रिच', 'बेल्जियन स्टाइल' काहीही लिहिलेलं असू शकतं, तिकडे बघूच नका. एकाच कंपनीचे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी ठेवलेले असतात आणि पाकिटंही सारखी दिसतात, त्यामुळे नावावर विसंबू नका.

पहिल्या वेळेसाठी सगळ्यात सोयीची म्हणजे अमूलची ५५ टक्के कोकोवाली १५० ग्रॅमची डार्क वडी. ती गल्लीतल्या दुकानातही मिळते आणि एका वडीत बरोबर एक घाणा होतो. हात बसला की कुव्हर्चरचे बटन घ्या. कुव्हर्चर म्हणजे कोको बटर जास्त असलेलं चॉकलेट. त्याची चव आणि पोत दोन्ही वरचढ असतात, किंमतही.

७० टक्के किंवा त्याहून कडू वडी पहिल्यांदा घेऊ नका. कोको वाढला की साखर कमी होते, गनाश फाटण्याचा संभव वाढतो आणि घरातली मुलं ते तोंडात धरून बसतात ते वेगळंच.

किमतीबद्दल एक. मार्च २०२४ मध्ये जागतिक बाजारात कोकोचा भाव टनाला १०,००० डॉलरच्या वर गेला, कारण घाना आणि आयव्हरी कोस्टमधलं पीक घटलं होतं. तेव्हापासून खऱ्या चॉकलेटच्या वडीकडे बघून हात आखडता घ्यावासा वाटतो, हे मान्य. तरी १५० ग्रॅममध्ये पंधरा-सोळा ट्रफल होतात. मिठाईच्या दुकानातल्या काजूकतलीच्या दराशी ताडून बघा, मग ठरवा.

२. क्रीम: परदेशी कृतीतलं प्रमाण इथे चालत नाही

इंटरनेटवरच्या बहुतेक कृती 'हेवी क्रीम' गृहीत धरतात. त्यात स्निग्धांश ३५ टक्क्यांच्या पुढे असतो. आपल्याकडे टेट्रापॅकमध्ये सर्रास मिळणाऱ्या फ्रेश क्रीममध्ये तो २५ टक्के असतो. बाकीचं बरंचसं पाणी. तिकडचं प्रमाण जसंच्या तसं इथे वापरलं तर गनाश फ्रिजमध्येही लुसलुशीत राहतं, वळायला गेलं की हाताला चिकटतं. उपाय साधा आहे: क्रीम थोडं कमी घ्यायचं आणि चमचाभर बटर घालायचं. खालचं प्रमाण तसंच धरलेलं आहे.

क्रीमचं पाकीट कापण्याआधी चांगलं हलवा. पाकीट उभं राहिलं की वर घट्ट भाग आणि खाली पातळ पाणी असं होतं. नुसता वरचा भाग आला तर गनाश तेलकट होईल, खालचा आला तर पातळ.

'व्हिपिंग क्रीम' मागताना नीट बघा. केकच्या आयसिंगसाठी विकलं जाणारं बरंचसं व्हिपिंग क्रीम दुधाचं नसतंच, ते वनस्पती तेल आणि साखरेचं असतं. ते इथे नको. दुधाचं व्हिपिंग क्रीम मिळालं तर उत्तम.

आणि साय? हा प्रश्न येतोच. घरच्या सायीत स्निग्धांश किती ते दर दिवशी वेगळं, वर तिच्यात कण असतात. जमत नाही असं नाही. थोडं दूध घालून मिक्सरवर एकजीव करून गाळून घेतली तर चालते. पण मिक्सर क्षणभर जास्त फिरला की लोणी येतं. पहिल्या खेपेला हा धोका कशाला पत्करायचा?

३. साहित्य आणि साधनं

एका घाण्यासाठी, साधारण १५ ते १६ ट्रफल:

- डार्क चॉकलेट (५० ते ५५ टक्के): १५० ग्रॅम
- फ्रेश क्रीम (२५ टक्के): ७० ग्रॅम, मे महिन्यात ६५
- बिनमिठाचं बटर: १० ग्रॅम. मिठाचं असेल तर वेगळं मीठ घालू नका
- मीठ: दोन बोटांच्या चिमटीत मावेल त्याच्या निम्मं
- घोळवण्यासाठी कोको पावडर: ३ ते ४ टेबलस्पून

कोको पावडर म्हणजे बिनसाखरेची, कडू. दुधात घालून प्यायची चॉकलेट पावडर नव्हे, तिच्यात साखर असते आणि ती ओलसर होऊन ट्रफलवर चिखलासारखी बसते.

साधनांमध्ये डिजिटल वजनकाटा एवढंच खरं आवश्यक. क्रीमसुद्धा वजनानेच घ्या. वाटी-चमच्याने उपमा होतो, गनाश होत नाही. बाकी काचेचं किंवा स्टीलचं भांडं, सिलिकॉनचा उलथणा, बटर पेपर, क्लिंग फिल्म आणि बारीक चाळणी. ही सगळी भांडी कोरडी ठणठणीत हवीत. वितळलेल्या चॉकलेटला पाण्याचा एखादा थेंब लागला तरी त्याचा रवाळ, घट्ट गोळा होतो.

दुसऱ्या चॉकलेटने करायचं असेल तर प्रमाण बदलतं. मिल्क चॉकलेट क्रीमच्या अडीच ते तीनपट घ्या, व्हाइट तीनपटीहून थोडं जास्त. कोकोचे घन कण कमी असले की गनाश सैल होतं, म्हणून.

४. चॉकलेट चिरा, क्रीम तापवा

चॉकलेट सुरीने बारीक चिरा. तुरीच्या डाळीएवढे तुकडे पुरेत. मोठे राहिले तर क्रीमची उष्णता त्यांना पुरत नाही आणि गनाशमध्ये खडे राहतात. किसणीवर किसू नका, हाताच्या उबेने अर्धं बोटांनाच लागतं.

क्रीम जाड बुडाच्या लहान पातेल्यात मंद आचेवर ठेवा. कडेने बारीक बुडबुडे यायला लागले, मधून वाफ निघाली की गॅस बंद. खळखळून उकळू द्यायचं नाही. पाणी उडून प्रमाण बदलतं आणि अति गरम क्रीमने चॉकलेटमधलं फॅट सुटतं.

५. ढवळणं: सगळी मेख इथे आहे

गरम क्रीम चिरलेल्या चॉकलेटवर ओता, भांडं हलवून सगळे तुकडे बुडवा, वर ताटली झाका आणि दोन मिनिटं हात लावू नका. लगेच ढवळलं की क्रीम थंड होतं आणि चॉकलेट अर्धवट वितळतं.

मग झाकण काढा. झाकणाला जमलेलं पाणी भांड्यात पडू देऊ नका. उलथणा बरोबर मध्यभागी ठेवून लहान लहान गोल फिरवायला सुरुवात करा. सुरुवातीला भयंकर दिसतं: कडेला पांढरं क्रीम, मध्ये काळे ओघळ, गुठळ्या. घाबरून जोरात घुसळू नका. अर्ध्या-पाऊण मिनिटात मध्ये एक गडद, चकचकीत ठिपका तयार होतो. तो ठिपका हळूहळू मोठा करायचा, कडेचं क्रीम थोडं थोडं आत ओढत. शेवटी सगळं भांडंभर एकसारखं, आरशासारखं चमकणारं मिश्रण होतं आणि उलथणा उचलला की जाड रिबिनीसारखं खाली पडतं. आता बटर आणि मीठ घालून पुन्हा तसंच ढवळा.

असं का? चॉकलेटमधलं फॅट आणि क्रीममधलं पाणी एरवी एकमेकांत मिसळत नाहीत. मध्यापासून हळू ढवळल्याने फॅटचे बारीक थेंब पाण्यात विखुरतात आणि तसेच अडकून राहतात. फेटणी वापरली तर हवा शिरते आणि गनाशमध्ये बुडबुडे राहतात.

तुकडे उरले तर दुसऱ्या पातेल्यात पाणी गरम करून गॅस बंद करा, वर हे भांडं मिनिटभर ठेवा. तळ पाण्याला टेकू देऊ नका आणि उतरवल्यावर भांड्याची खालची बाजू पुसून घ्या. मायक्रोवेव्ह असेल तर दहा-दहा सेकंद.

फाटलं तर? मिश्रण दाणेदार दिसतं, चमक जाते, कडेला तेल सुटतं. फेकू नका. कोमट दूध चमचाभर घाला, मध्यापासून पुन्हा ढवळा. लागलं तर आणखी एक चमचा. बहुतेक वेळा दोन चमच्यांत मिटतं. तरीही नाही जमलं तर हँड ब्लेंडरचं डोकं पूर्ण बुडवून दहा सेकंद फिरवा. अगदीच हाताबाहेर गेलं तर तेच गरम दुधात घालून हॉट चॉकलेट करा, तक्रार कोणी करणार नाही.

६. स्वाद घालायचा असेल तर

पहिला घाणा साधाच करा, म्हणजे मूळ पोत कसा असतो ते कळेल. नंतर खेळायला भरपूर वाव आहे.

इन्स्टंट कॉफी सगळ्यात सोपी: अर्धा चमचा गरम क्रीममध्येच विरघळवा. वेलची घालायची तर तीन-चार ठेचून क्रीममध्ये टाका, झाकून दहा मिनिटं मुरू द्या, गाळा, *पुन्हा वजन करा* आणि कमी पडलेलं क्रीम भरून परत तापवा. गाळण्यात क्रीम अडकतं आणि प्रमाण चुकतं, म्हणून हा खटाटोप. जायफळ डार्क चॉकलेटला फार छान लागतं, पुरणपोळीत घालतो त्याच्या निम्मंच किसा. हिवाळ्यात नागपुरी संत्री आली की सालीचा फक्त नारिंगी भाग किसून क्रीममध्ये मुरवा. पांढरा भाग आला की कडवटपणा येतो.

रस, सरबत, गुलकंदाचा पाक असलं पातळ काही सरळ ओतू नका. रम घालणार असाल तर दोन छोटे चमचे पुरे, तेवढं क्रीम कमी करा आणि गनाश कोमट झाल्यावर घाला. मुलं खाणार असतील तर डबा वेगळा ठेवा.

७. थंड करणं

गनाश पसरट भांड्यात ओता. क्लिंग फिल्म वर ताणून लावायची नाही, थेट गनाशला चिकटवून लावायची, म्हणजे वर पापुद्रा धरत नाही आणि वाफेचे थेंबही पडत नाहीत. अर्धा तास बाहेर, मग दोन तास फ्रिजमध्ये. फ्रीझरमध्ये टाकून वेळ वाचत नाही: कडा दगड होतात आणि मध्य मऊ राहतो.

बोट दाबलं तर खळगा पडावा पण बोटाला काही लागू नये, एवढं घट्ट हवं. रात्रभर राहून फार कडक झालं तर दहा मिनिटं बाहेर ठेवा.

८. वळणं

लाडू वळणाऱ्या हातांना इथे सवय मोडावी लागते. लाडू गरम असताना दाबून दाबून वळतो, ट्रफल थंड असताना आणि जेमतेम स्पर्श करून वळायचं. तळहात उबदार असतो आणि चॉकलेटला तेवढी उब पुष्कळ होते.

म्हणून दोन टप्प्यांत करा. आधी चमच्याने साधारण १५ ग्रॅमचे ओबडधोबड गोळे काढून बटर पेपरवर ठेवा, आकाराकडे बघू नका. पहिले दोन-तीन काट्यावर तोला, मग डोळ्याला अंदाज येतो. ताटली पंधरा मिनिटं परत फ्रिजमध्ये. दरम्यान हात गार पाण्याखाली धरा, *पूर्ण कोरडे* करा आणि तळव्यांना किंचित कोको चोळा. मग एकेक गोळा घेऊन दोन-तीन वेटोळी, बस. चारपाच सेकंदांहून जास्त हातात ठेवायचा नाही. हात चिकट झाले की थांबा, धुवा, पुसा, पुन्हा सुरू करा.

मुंबई, कोकण किंवा गोव्यात राहत असाल तर उकाड्याबरोबर दमटपणाही असतो. पहाटे किंवा एसी लावून करा आणि एका वेळी पाच-सहाच गोळे फ्रिजबाहेर काढा. पुण्या-नाशिकला डिसेंबर-जानेवारीत यातलं काहीच लागत नाही, खिडकी उघडी ठेवून निवांत वळा.

अगदी गोल झाले नाहीत तरी बिघडत नाही. ट्रफल थोडं वेडंवाकडंच असतं.

९. घोळवणं

कोको चाळून ताटात पसरा, गोळे टाका आणि ताट हलवत राहा. हाताने लावायची गरज नाही. जास्तीचा कोको चाळणीत घेऊन झटका. कोको नको असेल तर भाजून भरड केलेले काजू, पिस्त्याचा चुरा किंवा डेसिकेटेड खोबरं, पण हे चिकटायला गोळा वळल्या वळल्या, पृष्ठभाग जरा ओलसर असतानाच घोळवा. काजू भाजून पूर्ण गार होऊ द्या, नाहीतर ते गोळ्यालाच वितळवतील.

चॉकलेटचं कडक कवच हवं असेल तर तो पुढचा वर्ग आहे. त्याला टेम्परिंग लागतं: डार्क चॉकलेट ४५ अंशांपर्यंत वितळवून, त्यात एक तृतीयांश चिरलेलं चॉकलेट घालून ३१-३२ अंशांवर आणायचं, आणि खोली २०-२२ अंशांची हवी. थर्मामीटर आणि एसी नसेल तर याच्या वाटेला जाऊ नका. कवचापुरतं कंपाउंड वापरणारे बरेच आहेत. पातळ थर दिला तर खपून जातं, मला स्वतःला पटत नाही. मात्र कंपाउंड आणि खरं चॉकलेट एकाच भांड्यात कधीच वितळवू नका. दोन्हींचं फॅट एकमेकांशी जुळत नाही आणि कवच मऊ पडतं, वर पांढरट डाग येतात.

१०. ठेवणं आणि नेणं

यात क्रीम आहे, त्यामुळे दुकानातल्या वडीसारखं महिनोन्महिने टिकत नाही. हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये आठवडाभर. चॉकलेट वास पटकन धरतं, म्हणून चिरलेला कांदा, निवडलेली मेथी, लसणाची चटणी असलेल्या कप्प्यात डबा ठेवू नका. स्टीलच्या सैल झाकणाच्या डब्याला आतून क्लिंग फिल्म लावली तर बरं.

फ्रीझरमध्ये महिनाभर राहतात. काढल्यावर डबा न उघडता आधी फ्रिजमध्ये, मग बाहेर. थंड ट्रफलला दमट हवा लागली की त्यावर पाणी धरतं आणि कोको काळपट होतो. तसं झालंच तर वाढण्याआधी पुन्हा एकदा कोकोत घोळवा. खायला देताना फ्रिजमधून काढून हिवाळ्यात पंधरा-वीस मिनिटं, उन्हाळ्यात पाच-सात मिनिटं थांबा. फार थंड असलं की चव दबते.

दिवाळीच्या फराळाबरोबर द्यायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, ऑक्टोबरची उष्णता मेपेक्षा फार कमी नसते. गावातल्या गावात जेल पॅक लावून द्या आणि 'लगेच फ्रिजमध्ये ठेवा' असं डब्यावर लिहा. एसटीने किंवा कुरिअरने पाठवायचे असतील तर ट्रफल सोडून चिवडा पाठवा.

विकायचे असतील तर घरगुती प्रमाणावर असले तरी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. ऑर्डर घेण्याआधी ती करून घ्या, आणि डब्यावर तयार केल्याची तारीख, घटक, सुकामेवा आणि दूध असल्याची सूचना लिहा. शेंगदाणे-काजूची ॲलर्जी असलेलं गिऱ्हाईक विचारायच्या आधी तुम्हीच सांगितलेलं बरं. रम घातलेला माल विकण्याच्या भानगडीत पडू नका, त्याचे नियम वेगळे आहेत.